एकाच कुरणातील घोड्यांची वेगवेगळी चंदी

एकाच कुरणात मोकळ्या सोडलेल्या घोड्यांना एकाच ठिकाणी चंदी टाकण्याची पद्धत पुष्कळ ठिकाणी रूढ आहे. धान्याचे मोजमाप बरोबर असते, जनावरांची संख्या ठाऊक असते आणि प्रत्येकाच्या वाट्यास अमुक इतकी चंदी आली असा हिशेबही मनाशी मांडला जातो. तथापि घोड्यांना हा हिशेब मान्य नसतो. कळपातील धाकदपटशा करणारे तट्टू सर्वांत आधी येते, कान मागे पाडून शेजाऱ्यास हुसकते आणि आपला वाटा संपवून दुसऱ्याच्याही वाट्यावर हक्क सांगते. गरीब स्वभावाची दुभती घोडी चार घास खाऊन बाजूला उभी राहते. महिना-दोन महिन्यांनी घोडीच्या बरगड्या दिसू लागतात, तिच्या अंगावरचे शिंगरू खुरटते, आणि ज्याला चंदीची मुळीच गरज नव्हती ते तट्टू खुरांच्या आजाराने लंगडू लागते. एका घमेल्यातून एकाच वेळी एकाची उपासमार व दुसऱ्याचे अजीर्ण अशी दोन दुखणी निघतात. दोन्ही टाळता येण्याजोगी आहेत, आणि त्यासाठी कुरणाचे तुकडे करून प्रत्येक जनावरास वेगळे कुंपण घालण्याची गरज नाही.

महाराष्ट्रात हा प्रश्न अनेकांना पडतो. मेंढपाळ धनगरांच्या वाड्यावर बिऱ्हाड वाहून नेणारी तट्टे, शिंगरे आणि गाभण घोड्या एकत्रच चरतात. भीमा व नीरा या नद्यांच्या खोऱ्यांत जोपासले गेलेले आणि राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने स्वतंत्र जात म्हणून नोंदलेले भीमथडी घोडे बहुधा अशाच कळपांतून दिसतात. वरातीसाठी घोडे बाळगणाऱ्यांकडेही लग्नसराईत काम करणारा घोडा आणि वर्षभर बसून असलेले म्हातारे जनावर एकाच वाडग्यात असतात.

घोड्याचे पोट

गाईबैलांच्या अनुभवावरून घोड्याला खाऊ घालणे ही या विषयातील सर्वांत सामान्य चूक होय. गाय रवंथ करते, घोडा करीत नाही. घोड्याचे जठर शरीराच्या मानाने लहान असते. त्यात एका वेळी थोडेच अन्न मावते आणि ते फार काळ थांबत नाही. वैरणीतील काष्ठमय भाग मागच्या मोठ्या आतड्यात आंबून पचतो, आणि ते काम तेथील सूक्ष्म जंतू करतात. एका वेळी फार धान्य पोटात गेले तर ते पुढे न पचता तसेच मागच्या आतड्यात उतरते, तेथे आम्ल वाढते, उपयोगी जंतू मरतात आणि पोटशूळ किंवा खुरांच्या आतील दाह, ज्यास पशुवैद्य लॅमिनायटिस म्हणतात, तो उद्भवतो. घोड्यास उलटी होत नाही, म्हणून चुकीने पोटात गेलेले बाहेर पडण्याचा मार्गही नसतो.

यावरून तीन नियम निघतात. वैरण हेच घोड्याचे मुख्य अन्न असून कोरड्या वैरणीचे प्रमाण दररोज शरीराच्या वजनाच्या दर शंभर किलोंमागे निदान दीड किलो असावे. धान्याची चंदी एका वेळी शंभर किलो वजनामागे अर्ध्या किलोपेक्षा अधिक कधीही देऊ नये, अधिक द्यावयाची असल्यास ती दोन-तीन वेळांत विभागावी. आणि खाद्यात कोणताही बदल करावयाचा तो सात ते दहा दिवसांत हळूहळू करावा.

मोकळा घोडा दिवसाच्या चोवीस तासांपैकी चौदा-सोळा तास चरण्यात घालवतो. म्हणून दोन वेळा भरपूर टाकून मधला सारा वेळ मोकळे तोंड ठेवणे त्याच्या प्रकृतीस मानवत नाही. लाकूड कुरतडणे, माती चाटणे, शेजाऱ्याला चावणे या खोडी पुष्कळदा रिकाम्या पोटी राहिल्याने लागतात. खोडी म्हणून त्यांना शिक्षा करणे व्यर्थ होय.

वजन आणि अंगलट

कोणास किती द्यावे हे ठरविण्यापूर्वी वजनाचा अंदाज घ्यावा. त्यासाठी काटा लागत नाही, शिंप्याची फीत पुरते. पुढच्या पायांच्या मागे छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये मोजावा. नंतर खांद्याच्या पुढील टोकापासून पुठ्ठ्याच्या मागील टोकापर्यंत लांबी मोजावी. घेराला घेराने गुणून त्यास लांबीने गुणावे आणि येणाऱ्या संख्येस ११,८८० ने भागावे. भागाकार म्हणजे मोठ्या जनावराचे किलोतील अंदाजी वजन. उदाहरणार्थ, घेर १४५ व लांबी १३५ सेंटिमीटर असलेले तट्टू सुमारे २३९ किलो भरते. गाभण घोडीस व लहान शिंगरास हे सूत्र नीट लागू पडत नाही.

वजनापेक्षाही अंगलट महत्त्वाची. अमेरिकेतील टेक्सास येथे हेनेके या संशोधकांनी १९८३ साली घोड्याच्या अंगलटीसाठी एक ते नऊ गुणांचे कोष्टक प्रसिद्ध केले आणि ते आज सर्वत्र वापरले जाते. त्याचा आशय शेतकऱ्याच्या हातास सहज कळतो. बरगड्या डोळ्यांना दिसू नयेत, पण तळहात फिरवताच लागाव्यात, अशी स्थिती म्हणजे मध्यम व उत्तम. बरगड्या दुरून मोजता येत असतील तर जनावर खंगलेले आहे. बोटे दाबूनही त्या लागत नसतील, मानेवर आयाळीच्या मुळाशी कठीण चरबीचा वळ आलेला असेल आणि शेपटीच्या मुळाशी मऊ गोळे लागत असतील, तर जनावर धोक्याच्या मार्गावर आहे. हिवाळ्यात केस वाढलेले असताना नुसत्या नजरेवर विसंबू नये, हात लावलाच पाहिजे. गुबगुबीत घोडा म्हणजे सुखी घोडा ही समजूत बाजारात घोड्याचा भाव वाढविते, परंतु त्याच्या खुरांचे आयुष्य घटविते.

एका कळपातील चार गरजा

विचारासाठी एक साधा कळप घेऊ. त्यात २४० किलोंचे, थोडक्यावर पोसणारे, बिनकामाचे लठ्ठ तट्टू आहे, ३०० किलोंची नुकतीच व्यालेली घोडी व तिचे शिंगरू आहे, वीस वर्षांवरील एक म्हातारा घोडा आहे आणि एक कामाचा घोडा आहे.

सर्वांत मोठी गरज घोडीची. घोडी सुमारे अकरा महिने गाभण असते आणि पोटातील शिंगराची बहुतेक वाढ शेवटच्या तीन महिन्यांत होते. त्या काळात तिचे खाद्य थोडे थोडे वाढवीत न्यावे लागते. परंतु खरी ओढ विण्यानंतर लागते. दुधाच्या पहिल्या दोन-तीन महिन्यांत तिला एरवीच्या जवळजवळ दुप्पट पोषण लागते आणि प्रथिने तर दुपटीहूनही अधिक. केवळ कडब्यावर ही गरज भागणे अशक्य आहे, कारण कडब्यात प्रथिने फारच थोडी असतात. ३०० किलोंच्या घोडीस दररोज साडेचार किलो चांगल्या कडब्याची कुट्टी किंवा वाळलेले गवत, आठ किलो हिरवा लसूणघास, आणि त्याखेरीज भरडलेले सातू किंवा ज्वारी दीड किलो, भिजविलेला हरभरा अर्धा किलो, गव्हाचा कोंडा अर्धा किलो व सोयाबीनची पेंड पाव किलो अशी चंदी तीन वेळांत विभागून द्यावी. कुरणात चारा चांगला असेल तर वैरण त्या मानाने कमी करता येते. हरभऱ्याऐवजी शिजविलेला कुळीथ चालतो. पूर्वीपासून घोड्यांना तो दिला जात आहे.

लठ्ठ तट्टास चंदी मुळीच नको. सुमारे चार किलो कोरडी वैरण, खनिज मिश्रण, मीठ आणि पाणी एवढ्यावर ते सुखाने राहते. मात्र वजन उतरविण्यासाठी त्यास उपाशी ठेवू नये. लठ्ठ तट्टे व गाढवे यांची एकाएकी उपासमार झाल्यास अंगातील चरबी वितळून रक्तात उतरते आणि यकृत बिघडून जनावर दगावते. वजन महिन्यामहिन्याने उतरावे, आठवड्यात नव्हे.

म्हाताऱ्या घोड्याचा प्रश्न बहुधा दातांचा असतो. तो वैरण चघळतो आणि तिचे ओले बोळे तोंडातून टाकून देतो. असे बोळे दावणीजवळ दिसले की चंदी वाढविण्याआधी पशुवैद्याकडून दाढा तपासून घ्याव्यात व त्यांची धारदार टोके घासून घ्यावीत. त्याचे धान्य भरडून व पाण्यात चांगले भिजवून द्यावे, वैरण बारीक कुट्टी करून किंवा कोवळी द्यावी आणि खाणे चार लहान वेळांत वाटावे. कोरडे खाद्य घाईने गिळल्यास अन्ननलिकेत घास अडकण्याची भीती असते.

कामाच्या घोड्याची चंदी कामाच्या मापाने असावी. येथे एक जुना अनुभव ध्यानात ठेवण्यासारखा आहे. रोज राबणाऱ्या घोड्यास विश्रांतीच्या दिवशीही पुरी चंदी दिली, तर दुसऱ्या दिवशी कामास जुंपताच त्याचे पुठ्ठ्याचे स्नायू ताठरतात, तो घामाघूम होतो, पाऊल टाकीत नाही आणि त्याचे मूत्र तांबूस काळे होते. म्हणून विश्रांतीच्या दिवशी चंदी निम्म्यावर आणावी आणि वैरण वाढवावी.

तोबरा आणि मुसके

चार गरजांची चंदी एका कुरणात चार तोंडांत बरोबर पोचविण्याचे साधन शेतकऱ्यांच्या घरात पूर्वीपासूनच होते. ते म्हणजे तोबरा. तोंडास अडकविलेल्या पिशवीतील दाणा दुसऱ्यास चोरता येत नाही, जमिनीवर सांडत नाही आणि कोणी किती खाल्ले व किती ठेवले हे पिशवी उघडताच दिसते. टांगे गेले आणि त्यांच्याबरोबर तोबराही विस्मरणात गेला, ही गोष्ट खेदाची आहे.

तोबरा जाड कापडाचा शिवावा. तो इतका सैल असावा की घोड्यास जबडा मोकळेपणाने हलविता यावा, आणि नाकपुड्यांच्या पातळीवर दोन्ही बाजूंस हवेसाठी भोके किंवा जाळी असावी. धान्यावर थोडे पाणी शिंपडावे म्हणजे धूळ नाकात जात नाही. प्रत्येक जनावराचा तोबरा वेगळा ठेवून त्यावर रंगाची खूण करावी आणि तो धुऊन उन्हात वाळवावा. म्हाताऱ्या घोड्याचे पातळ भिजविलेले खाद्य मात्र तोबऱ्यात घालू नये, ते त्यास वेगळे बांधून घमेल्यात द्यावे. सर्वांत महत्त्वाची खबरदारी ही की, तोबरा चढविलेल्या जनावरास पाण्याजवळ जाऊ देऊ नये. पाणी पिण्यास तोंड बुडविताच तोबरा पाण्याने भरतो आणि घोडा उभ्या उभ्या गुदमरतो. म्हणून तोबरा चढविल्यापासून उतरविण्यापर्यंत माणूस तेथेच असावा.

चढविण्याच्या क्रमातही थोडी युक्ती आहे. दांडगट तट्टू पहिले. त्याच्या तोबऱ्यात मूठभर कुट्टीत खनिज मिश्रण घालून ते तोंडास बांधावे म्हणजे ते गुंतून राहते व इतरांच्या पाठीस लागत नाही. त्यानंतर घोडी, मग कामाचा घोडा. सर्वांना कुंपणाच्या कडेने, एकमेकांची लाथ पोचणार नाही अशा अंतरावर, पण एकमेकांच्या नजरेसमोर बांधावे. घोडा कळपाचा प्राणी आहे. एकट्यास दूर नेऊन बांधले तर तो खिंकाळत येरझारा घालतो आणि पुढ्यातील चंदी तशीच राहते. सकाळ-संध्याकाळ अर्धा-पाऊण तास एवढ्या वेळात हे काम उरकते. घोडीची दुपारची तिसरी चंदी तेवढी स्वतंत्र द्यावी लागते.

तोबरा ज्याला अधिक हवे त्याच्यासाठी आहे, तर ज्याला कमी हवे त्याच्यासाठी मुसके आहे. मळणीच्या वेळी बैलांना मुसकी बांधतात हे सर्वांस ठाऊक आहे. त्याच धर्तीचे मजबूत दोरीचे मुसके, तळाशी दोन बोटे जातील एवढे भोक ठेवून, लठ्ठ तट्टास बांधता येते. गवताची पाती त्यातून थोडी थोडी तोंडात येतात, तट्टू दिवसभर कळपाबरोबर चरत राहते आणि तरीही त्याच्या पोटात जाणारा चारा पुष्कळ कमी होतो. त्यातून पाणी पिता येते की नाही हे पहिल्या दिवशी समोर उभे राहून पाहावे. मुसके दिवसातील दहा-बारा तासांपेक्षा अधिक ठेवू नये आणि ते काढल्यावर नाक व हनुवटीवर घासल्याची खूण नाही ना, हे पाहावे.

शिंगरासाठी तिसरी युक्ती आहे. दुसऱ्या महिन्यापासून शिंगरू दाणा टिपू लागते. कुरणाच्या एका कोपऱ्यात छोटे वाडगे करून त्याच्या दाराशी शिंगराच्या पाठीहून चार बोटे उंच असा गुळगुळीत, जाड, आडवा बांबू घट्ट बांधावा. शिंगरू खालून आत जाते, मोठी जनावरे बाहेर राहतात. आत वयाच्या प्रत्येक महिन्यामागे दररोज सुमारे पाव किलो भरडा ठेवावा व शिळा रोज काढून टाकावा. शिंगरू बाळसेदार दिसावे म्हणून याहून अधिक देण्याचा मोह टाळावा, कारण फार झपाट्याने वाढणाऱ्या शिंगरांचे सांधे व हाडे बिघडतात. सरकीची पेंड शिंगरास देऊ नये.

वैरण मात्र सर्वांना मोकळ्यावरच टाकता येते. जितकी जनावरे त्यांपेक्षा एक ढीग अधिक टाकावा आणि ढिगांत पंधरा-वीस फुटांचे अंतर ठेवावे. हुसकलेल्या जनावरास जाण्यासाठी नेहमी एक मोकळा ढीग राहतो आणि भांडण तेथेच संपते. ढीग कोपऱ्यात टाकू नयेत, कारण कोपऱ्यात सापडलेले जनावर लाथ खाते. वाळू किंवा मुरमाड जमिनीवर वैरणीखाली पोती अंथरावी, अन्यथा वाळू पोटात साठून पोटशूळ होतो. पाण्याच्याही दोन जागा असाव्यात. दुभती घोडी उन्हाळ्यात दिवसाला पन्नास लिटरपर्यंत पाणी पिऊ शकते, आणि हौदावर दांडगटाचा पहारा असेल तर चंदी पोटभर मिळूनही तिचे दूध आटते.

कोंडा, मीठ व विषारी खाद्ये

गव्हाचा कोंडा घोड्यास आवडतो म्हणून तोच भरपूर देण्याची चाल आहे. कोंड्यात स्फुरद फार व चुन्याचा अंश, म्हणजे कॅल्शियम, अगदी थोडा असतो. महिनोन् महिने असा खुराक चालला तर शरीर हाडांतील कॅल्शियम काढू लागते. जबड्याची हाडे फुगतात, चाल आखडते, शिंगरांचे पाय वाकतात. उसाचे वाढे व हत्तीगवत यांतील ऑक्झलेटमुळेही कॅल्शियम अंगी लागत नाही, त्यामुळे ही वैरण व कोंडा यांची जोडी विशेष वाईट. एक किलो कोंड्यामागे सुमारे तीस ग्रॅम चुनखडीची बारीक पूड मिसळावी. पानात खाण्याचा किंवा कळीचा चुना मुळीच वापरू नये, त्याने तोंड भाजते. लसूणघासात कॅल्शियम भरपूर असल्याने तो या दोषावर चांगला उतारा आहे. मीठ प्रत्येक मोठ्या जनावरास दररोज पंधरा ते तीस ग्रॅम लागते, घाम गाळणाऱ्यास त्याहून अधिक.

बुरशी लागलेला मका गाईला एखादे वेळी पचेल, परंतु घोड्याच्या मेंदूवर त्याचा घातक परिणाम होतो. कुबट वासाची वैरणही तितकीच टाळावी. तसेच कोंबड्यांच्या आणि गुरांच्या काही तयार खाद्यांत मोनेन्सिन नावाचे औषध घातलेले असते. कोंबड्यांना व गुरांना ते योग्य प्रमाणात चालते, घोड्यास मात्र अगदी थोडक्या प्रमाणातही ते हृदयाच्या स्नायूंवर आघात करून मारते. गोठ्यातील पोती आणि घोड्यांची पोती एका खोलीत ठेवण्यात म्हणूनच धोका आहे.

सारंगखेडा किंवा माळेगावच्या यात्रेतून नवे जनावर आणले असेल तर ते लगेच कळपात सोडू नये. दोन-तीन आठवडे त्याचे पाणी, घमेले व तोबरा वेगळा ठेवावा आणि पशुवैद्याकरवी रक्ततपासणी करून घ्यावी. ग्लँडर्स हा घोड्यांकडून माणसांतही येणारा जीवघेणा रोग सामाईक पाण्यातून व दाण्यातून पसरतो, आणि २००९ च्या केंद्रीय कायद्यान्वये त्याची खबर देणे बंधनकारक आहे. विक्रेत्याने त्यास काय खाऊ घातले होते हे विचारून घ्यावे व पहिले काही दिवस तेच चालू ठेवावे.

कार्यकर्त्यांनी काय पाहावे

गावपातळीवरील कार्यकर्त्याने मालकास किती चंदी देतोस एवढे विचारून परतू नये. चंदीच्या वेळी जाऊन अर्धा तास मुकाट्याने उभे राहावे. कोण प्रथम येतो, कोण कोणास हुसकतो, कोण बाजूला राहतो, कोणाच्या तोंडातून बोळे पडतात, हे पाहिले म्हणजे पुढचे प्रश्न आपोआप सुचतात. दर पंधरा दिवसांनी घेराचे माप व बरगड्यांवर हात ठेवून जाणवलेली स्थिती एका वहीत लिहून ठेवण्याची सवय मालकास लावावी. घोडी रोज डोळ्यांसमोर असते, म्हणून तिचे झडणे घरच्यांच्या ध्यानात उशिरा येते. वहीतील दोन आकडे ते आधी सांगतात.

पावसाळ्याच्या आरंभी विशेष जागरूक राहावे. चार महिने कडब्यावर असलेली जनावरे कोवळ्या हिरवळीवर एकदम सोडली तर पोटे बिघडतात, आणि लठ्ठ तट्टांचे खूर याच दिवसांत जातात. पहिल्या दिवशी एक तास, मग दोन, असे करीत दहा दिवसांत पूर्ण वेळेवर यावे, व सोडण्यापूर्वी कोरडी वैरण खाऊ घालावी. तट्टू पुढचे पाय लांब टाकून मागे रेलून उभे राहिले, वळताना अडखळू लागले किंवा त्याचे खूर हातास गरम लागले, तर चंदी व हिरवळ दोन्ही त्याच क्षणी बंद करावीत, खुरांवर थंड पाणी सोडावे, त्यास मऊ जमिनीवर उभे करावे, चालवू नये आणि पशुवैद्यास बोलवावे. धान्याचे पोते फोडून एखाद्या जनावराने भरपूर दाणा खाल्ल्याचे आढळल्यास ते धडधाकट दिसते म्हणून थांबू नये. लक्षणे बारा ते चोवीस तासांनी किंवा त्याहूनही उशिरा दिसतात, आणि उपाय त्याआधीच करावयाचा असतो.